आत्याचं पत्र : दिवसा कुलपात असणारं गाव

प्रिय दोस्तांनो,

मागच्या पत्रानंतर तुमची भरपूर पत्रं आली. त्यातलं एक बदलापूरच्या, सातवीतल्या मित्राचं. तो लिहितो, ‘‘आत्या, तुझी मज्जा आहे बुवा! लंडनला राहतेस. खिडकी उघडली की समोर बिग बेनचं घड्याळ, खाली लाल डबलडेकर आणि राजवाड्यासमोरचे उंच टोपीवाले शिपाई!’’

पत्र वाचलं आणि मी खरंच उठून खिडकी उघडली. समोर काय दिसलं सांगू? एक नीट कापलेलं झुडपांचं कुंपण, कचऱ्याचे तीन डबे आणि त्यातल्या एका डब्यावर बसलेला लठ्ठ बोका. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि वेळ कुठली? सकाळचे अकरा!

त्याचं असं आहे की, बदलापूरचा माणूस परगावी गेला की ‘आम्ही मुंबईचे’ म्हणून सांगतो की नाही? तसंच माझं. मी ‘लंडनची’ खरी, पण लंडनच्या पार कडेची. आमच्या भागाचं नाव पिनर. लंडनच्या वायव्येला, हॅरोच्या शेजारी. (ज्या हॅरोच्या शाळेत पंडित नेहरू १९०५ ते १९०७ या काळात शिकले, तेच हे हॅरो.) इथून रोज सकाळी माणसं आगगाडीनं शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी झोपायला परत येतात. आपल्याकडे त्यांना छान शब्द आहे – चाकरमानी. तर आज तुम्हांला दाखवते हे विलायतेतल्या चाकरमान्यांचं गाव.

आधी गाव, मग रेल्वे, असं आपल्याला वाटतं. इथं गोष्ट बरीचशी उलटी आहे!

१० जानेवारी १८६३ या दिवशी लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. कंपनीचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे. (तुमची कॉलर ताठ करायला एक माहिती देते. बोरीबंदर ते ठाणे ही आपली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, म्हणजे या भुयारी गाडीच्या जवळजवळ दहा वर्षं आधी!) भुयारात तेव्हा चक्क कोळशाची इंजिनं धावत. धुरानं प्रवाशांचा जीव किती घुसमटत असेल, कल्पना करा. पुढे या कंपनीनं आपले रूळ शहराबाहेर, शेताशिवारांतून लांबवर नेले. १८८० साली गाडी हॅरोला पोचली आणि १८८५ साली पिनरला. तेव्हा पिनर म्हणजे एक जुनं चर्च, चढावरची एक बाजारपेठ आणि भोवती शेतं, बस्स!

आता रूळ टाकले, पण गाडीत बसणार कोण? गाई? मग कंपनीनं एक शक्कल लढवली. रूळांच्या आजूबाजूच्या जमिनींवर घरं बांधायची, ती शहरातल्या लोकांना विकायची आणि मग त्याच लोकांना रोजचं तिकीटही विकायचं! त्यासाठी १९१९ साली वेगळी कंपनीच काढली. १९१५ ते १९३२ अशी जवळजवळ दर वर्षी एक सचित्र पुस्तिका निघायची. तिचं नाव ‘मेट्रो-लँड’. शहरातल्या धुरात राहणाऱ्या कारकुनांना त्यात फुलांची, हिरव्या टेकड्यांची आणि टुमदार घरांची स्वप्नं दाखवलेली असायची. लोक आले. नुसते आले नाहीत, लोटले! आमच्या शेजारच्या रेनर्स लेन स्टेशनावर १९३० साली वर्षभरात २२ हजार प्रवासी होते. १९३७ साली तेच ४० लाख झाले. सात वर्षांत! शेवटी लंडन असंच पसरत राहिलं तर शेतं उरायचीच नाहीत, म्हणून १९३८ साली शहराभोवती मोकळ्या जमिनीचा हिरवा पट्टा राखण्याचा कायदा करावा लागला.

ती घरं आजही तशीच आहेत. इथं इमारतीतले फ्लॅट कमी आणि जुळी घरं जास्त. म्हणजे दोन घरं खांद्याला खांदा लावून उभी, मधली भिंत दोघांची मिळून एक. पुढे वीतभर बाग, मागे लांबट बाग. दर्शनी भागात बाहेर आलेली गोलसर खिडकी आणि छपराखाली काळ्या लाकडी तुळया. या तुळया बहुतेक घरांवर नुसत्या शोभेच्या असतात बरं का! घर तीनशे-चारशे वर्षांचं वाटावं म्हणून चिकटवलेल्या. शहरात काम करून दमलेल्या माणसाला आपण खेड्यात राहतो असं वाटायला हवं ना!

आता माझ्याबरोबर सकाळी स्टेशनवर चला.

इथली गाडी आपल्या लोकलसारखीच आहे. म्हणजे स्लो आहे, सेमी-फास्ट आहे आणि फास्टही आहे. सगळ्या भुयारी रेल्वेत अशा मधली स्टेशनं गाळणाऱ्या फास्ट गाड्या फक्त आमच्या या मार्गावर. त्या सकाळी फक्त शहराकडे जाताना आणि संध्याकाळी फक्त परत येताना. यावरूनच ओळखा, ही गाडी कुणासाठी धावते ते! १९१० ते १९३९ या काळात तर काही गाड्यांना दोन खास डबे असायचे, ‘मेफ्लॉवर’ आणि ‘गॅलटिया’ अशा नावांचे. त्यात साहेबलोक सकाळी न्याहारी करत करत कचेरीत जायचे. आपल्या डब्यात मात्र वडापाव आणला तरी शेजारचा नाक वर करून बघतो!

फलाटावर प्रत्येकाची जागा ठरलेली. कोणत्या ठिपक्यावर उभं राहिलं की दार नेमकं पुढ्यात येतं, हे सगळ्यांना पाठ. गाडी आली की धक्काबुक्की नाही. आरडाओरडा नाही. आणि बोलणं? तेही नाही! पूर्वी प्रत्येकाच्या तोंडासमोर वर्तमानपत्र असायचं, आता फोन असतो. आपल्या लोकलमध्ये भजनी मंडळ असतं, भाजी निवडणाऱ्या बायका असतात, हळदीकुंकू होतं. इथं डब्यात शंभर माणसं असतील आणि ऐकू काय येईल? रूळांचा खडखडाट आणि एखादी शिंक. त्या शिंकेबद्दलही तो माणूस सगळ्यांची माफी मागतो!

हिवाळ्यात तर आणखी गंमत. डिसेंबरात इथं सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. म्हणजे चाकरमानी घरातून निघतो काळोखात आणि परततोही काळोखात. आपल्या घराचा रंग कोणता, हे त्याला शनिवारी-रविवारीच दिसतं!

मी इथं आले त्या पहिल्या वर्षी मला नोकरी नव्हती. घरातली मंडळी पावणेआठच्या गाडीला गेली, लेक शाळेत गेली, की गाव शांत. इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक नको वाटायची. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेली मी! तिथं दुपारी कुणाचं वाळवण, कुणाचं भांडण, कुणाचा कुकर, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. इथं सोबतीला एकच आवाज होता. मधल्या भिंतीपलीकडचा रेडिओ.

त्या भिंतीपलीकडे एक आजी राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच. सकाळी सातला त्यांचा रेडिओ लागे, संध्याकाळी सहाला पुन्हा. मंगळवारी संध्याकाळी, घड्याळ लावून घ्यावं इतक्या नेमानं, त्यांचा कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर यायचा. आमची गाठ पडे ती तेवढ्यापुरती. ‘‘आज गारठा आहे.’’ ‘‘हो ना, फारच.’’ झालं आमचं बोलणं! इथं न विचारता कुणाच्या दारी जाणं म्हणजे आगाऊपणा, असं मला आधीपासून इथं राहणाऱ्या आपल्याच लोकांनी पढवून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी मलाही नोकरी लागली. मीही पावणेआठच्या गाडीतली झाले. फलाटावर माझीही एक जागा ठरली. मग तर तेवढंही बोलणं राहिलं नाही.

आणि मग २०१८ च्या डिसेंबरातला तो मंगळवार उजाडला.

मी सात वाजता घरी आले. बाहेर मिट्ट काळोख. आल्या आल्या टीव्ही लावला, चटणीसाठी मिक्सर लावला. लेक तेव्हा बारा वर्षांची. गृहपाठ करता करता ती म्हणाली, ‘‘आई, पलीकडच्या आजींनी डबा नाही ठेवला बाहेर.’’

‘‘विसरल्या असतील.’’

‘‘त्या नाही विसरत. तू विसरतेस.’’

मी हसले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, ‘‘रेडिओ पण लागला नाही आज.’’

माझा हात थांबला. पण दोस्तांनो, खरं सांगते, मी गेले नाही. मुलाकडे गेल्या असतील. झोपल्या असतील. उगाच बेल वाजवली आणि त्यांना राग आला तर? मी पोळ्या केल्या, आम्ही जेवलो, मी भांडी घासली. अख्खा तास गेला. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

शेवटी लेक पुस्तक मिटून उभी राहिली. म्हणाली, ‘‘अगं, डोंबिवलीला आज्जीकडे असतो ना, तर तू आत्तापर्यंत तीनदा जाऊन आली असतीस!’’

मी चपला सरकवल्या आणि गेले. बेल वाजवली. उत्तर नाही. इथल्या दारांना टपाल टाकायला एक आडवी फट असते. तिची झडप उचलून हाक मारली. आतून काहीतरी आवाज आला. अगदी बारीक. टक्... टक्...

लेकीला १११ नव्हे, सरळ ९९९ फिरवायला सांगितलं (अगदी तातडीच्या मदतीसाठी इथला हा नंबर) आणि मी रस्त्यात येऊन दिवा दिसला त्या दाराकडे धावले. चार घरं सोडून एक दार उघडलं, आणि मी बघतच राहिले. दारात उभे असलेले गृहस्थ मी रोज पाहत होते! पावणेआठच्या गाडीला, फलाटावर, माझ्या डाव्या हाताला ते उभे असत. वर्ष झालं होतं या गोष्टीला. पण ते माझ्याच गल्लीत राहतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं. दोघंही काळोखात निघणार, काळोखात परतणार. कळणार तरी कसं?

ते मोज्यांवरच धावत आले. मागच्या बागेचं कुंपण चढून आत गेले. नशिबानं स्वयंपाकघराचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आजी फरशीवर पडल्या होत्या. कमरेखालचं हाड मोडलं होतं. अंग बर्फासारखं गार. हातात एक मोठा स्टीलचा चमचा होता आणि मधल्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंग उडून टवके पडले होते.

आम्ही पांघरूण घातलं, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘आठ वाजून गेल्यावर पडले. भिंत वाजवली. पण तोवर तुमची गाडी गेली होती.’’

दिवसभर त्या थांबून थांबून भिंत वाजवत होत्या. इकडे मी नव्हते. पलीकडच्या घरातलेही कामाला. संध्याकाळी आमचा दिवा लागलेला त्यांना खिडकीतून दिसला, तेव्हा त्यांनी पुन्हा जोर करून वाजवायला सुरुवात केली. पण आमच्याकडे टीव्ही चालू होता, मिक्सर चालू होता.

रुग्णवाहिका आली. जाताना त्यातली परिचारिका म्हणाली, ‘‘आणखी एक रात्र या फरशीवर गेली असती, तर...’’ तिनं वाक्य पुरं केलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी वाटलं, काय ही माणसं, शेजाऱ्याची विचारपूस नाही! मग लक्षात आलं, ‘ही माणसं’ म्हणजे मीच की! आणि मोज्यांवर कुंपण चढणारे ते गृहस्थही ‘ही माणसं’च होते. एक हाक मारायचा अवकाश, ते धावले. म्हणजे माणसं कोरडी नव्हती. माणसं घरी नव्हती. हे गावच असं बांधलंय, की दिवसभर त्याची सगळी कर्ती माणसं दुसरीकडे असतात. मागे राहतात म्हातारी माणसं, तान्ह्या बाळांच्या आया, आजारी माणसं आणि डब्यावरचा बोका. रेल्वेच्या वेळापत्रकात गाड्या असतात, शेजार नसतो. तो आपला आपणच बसवावा लागतो.

आजी वसंत ऋतूत काठी टेकत घरी आल्या. आता त्यांच्या गळ्यात एक बटण असतं. ते दाबलं की मदत येते. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्या खुंटीवर असते. आणि आमचा एक करार झालाय. रोज रात्री नऊ वाजता मी मधल्या भिंतीवर तीनदा टकटक करते. पलीकडून तीनदा उत्तर येतं. मग मी झोपायला मोकळी.

फलाटावरचे ते गृहस्थ आता माझ्याशी बोलतात. सुरुवात अर्थातच, ‘‘आज गारठा आहे’’ अशीच!

पुढे २०२० साल आलं. २३ मार्चला इथं टाळेबंदी जाहीर झाली. त्याआधी एकच दिवस, २२ मार्चला, तुमच्याकडे लोकांनी थाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं? इथं त्याच आठवड्यातल्या गुरुवारपासून सुरुवात झाली. डॉक्टर, परिचारिका यांच्यासाठी रात्री आठ वाजता सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहून टाळ्या वाजवायच्या. असे दहा गुरुवार झाले. गाड्या जवळजवळ रिकाम्या धावत होत्या आणि आमचं गाव कधी नव्हे ते अख्खंच्या अख्खं घरी होतं! ज्यांच्या पाठमोऱ्या कोटांचीच काय ती ओळख होती, त्यांचे चेहरे दिसायला लागले. कोण कुणाचं औषध आणणार, कुणाला पीठ हवंय, कुणाच्या झाडाची सफरचंदं जास्त झालीत, यासाठी गल्लीचा फोनवर गटही निघाला. आणि आमच्या आजी? त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि कढईवर चमचा बडवायच्या. कुठला चमचा, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्या दिवसांनंतर इथले बरेच चाकरमानी आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतात. मंगळवार ते गुरुवार गाडी खच्चून भरलेली. सोमवारी-शुक्रवारी बसायला जागा मिळते. गाव आता पूर्वीइतकं कुलपात नसतं. पण बुधवारी सकाळी अकरा वाजता येऊन पाहा, अजूनही तोच बोका आणि तेच डबे!

वर्षातून एक बुधवार मात्र वेगळा. मे महिन्याअखेरच्या सुट्टीनंतरच्या बुधवारी आमच्या बाजारपेठेत जत्रा भरते. राजा तिसरा एडवर्ड यानं १३३६ साली तिची सनद दिली. म्हणजे रेल्वेच्या साडेपाचशे वर्षं आधी! त्या दिवशी रस्ते बंद, पाळणे उभे, आणि रूळांनी जन्माला घातलेलं गाव विसरून तिथलं जुनं गाव जागं होतं. आपली मराठी जत्रा मात्र डॉलिस हिल भागात, १९३२ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र मंडळात. आमची गाडी त्या स्टेशनावरून जाते पण थांबत नाही. गणपतीला मध्ये गाडी बदलून जावं लागतं. गेल्या वर्षीचा मोदक आजींसाठी आणला, तर त्या म्हणाल्या, ‘‘हा आत कसा भरता?’’ आता या वर्षी शिकवायचाय!

तर बदलापूरच्या मित्रा, माझ्या खिडकीतून बिग बेन दिसत नाही. पण तुझ्या खिडकीतून काय दिसतं, हे आता तू मला सांगायचंस. आणि बाकीच्यांनीही! डोंबिवली, विरार, पनवेल, कुठलंही गाव असो. तुमचे आईबाबा सकाळची गाडी पकडून गेले की तुमच्या इमारतीत दिवसभर कोण कोण असतं? एका सुट्टीत कागद-पेन्सिल घेऊन मजल्यामजल्यावर फिरा. कोणत्या घरात एकटे आजोबा असतात, कुणाची आई आजारी असते, कुणाचा रेडिओ किती वाजता लागतो, लिहून काढा. यादी मला पाठवलीत तर आनंद होईल. पण नाही पाठवलीत तरी चालेल, ती तुमच्याजवळ असू द्या.

बरं, आता पुरे करते. नऊ वाजायला आले. भिंत वाजवायची आहे.

तुमची,
आत्या